मुलांना आधी विचारा, स्टेज नंतर बांधा

प्रश्न : ताई नमस्कार. परळला आमच्या वाडीचं जुनं गणेशोत्सव मंडळ आहे, मी कार्यकारिणीत आहे. गेल्या वर्षी वाडीतल्या एका अकरावीच्या मुलाने स्वतःला इजा करून घेतली. वेळेवर हॉस्पिटलला नेलं, वाचला, आता बरा आहे, पण आम्ही सगळेच हादरलो. मग मीटिंगमध्ये ठरलं की या गणपतीत टीनएजर मुलांसाठी एखाद्या मोठ्या मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवायचं, विषय मोबाईलचे दुष्परिणाम आणि व्यसनमुक्ती. बजेट पण काढलंय. काही जण म्हणतात मुलं येणारच नाहीत. कुणाला बोलवावं ते सांगा. (एक कार्यकर्ता, परळ)

उत्तर : दादा, एखाद्या घरात असं काही झालं की आपल्याकडे बहुतेक वेळा दार लावून घेतलं जातं, बाकीचे जिन्यात कुजबुजतात आणि महिनाभरात विषय संपतो. तुमच्या मंडळाने तो मीटिंगमध्ये घेतला, पैसे काढले, हे मला मनापासून मोठं वाटतं. म्हणूनच ते पैसे आणि ती संध्याकाळ फुकट जाऊ नये असं वाटतं, आणि म्हणून वक्त्याचं नाव मी आत्ता सुचवत नाहीये.

बघा ना, मोबाईल आणि व्यसन हे दोन विषय ठरवले कुणी? कमिटीने. कमिटीत सगळ्यात लहान माणूस किती वर्षांचा आहे? वाडीतल्या चौदा ते सतरा वयाच्या मुलांना कुणी विचारलं का की बाबांनो तुम्हाला नक्की कशाचा त्रास होतोय? कदाचित ती मोबाईलच म्हणतील. पण चाळीतल्या, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) बिल्डिंगमधल्या मुलांशी मी बोलते तेव्हा आधी जे बाहेर येतं ते वेगळंच असतं. घरात एकटं बसायला कोपरा नाही, टीव्ही बंद होईपर्यंत झोपता येत नाही, बाबा पिऊन आले की मी गॅलरीत जाऊन बसतो, क्लासची फी भरलीय म्हणून सायन्स सोडता येत नाही, रात्री कॉमन टॉयलेटला जायची भीती वाटते, माझा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. मोबाईल पण येतो, पण बऱ्याचदा असा येतो की दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच आहे. आता या मुलाला स्टेजवरून कुणी मोबाईलचे दुष्परिणाम सांगितले तर तो काय घेऊन घरी जाणार?

आणि व्याख्यानाची संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. पहिल्या रांगेत पदाधिकारी, मागे आईवडील, मध्ये मुलं, आणि शेवटी विचारणार कुणाला प्रश्न आहे का. बाजूला आई बसलेली असताना कोण हात वर करेल? शिवाय तो मुलगा. तो आला तर सगळे त्याच्याकडे बघणार, नाही आला तर तो का नाही आला याची चर्चा होणार. त्याच्यासाठी हे फार कठीण आहे, निदान त्याचा तरी विचार करा. तो एकटाच आहे असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दहा ते एकोणीस वयाच्या दर सात मुलांमागे एकाला कसला ना कसला मानसिक आजार असतो. तुमच्या वाडीचा वेगळा आकडा मला काढता येणार नाही, पण शंभर मुलं असतील तर तुम्हीच विचार करा. यातली बरीचशी कुणाच्या लक्षातही येत नाहीत कारण ती शांत असतात, क्लासला जातात, आरतीला येतात.

मग करायचं काय, तर आधी विचारायचं. गणपतीत नाही, त्या दहा दिवसांत कार्यकर्त्याला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते. गणपती आटोपले की शाळा-कॉलेजच्या परीक्षा बघून मधले दोन-तीन रविवार काढा. मंडळातली वीस-बावीस वर्षांची पोरं असतात ना, लेझीम बसवणारी, डेकोरेशनला रात्र रात्र जागणारी, त्यातली चार घ्या, दोन मुलगे दोन मुली, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी. हे फार महत्त्वाचं आहे, बोलघेवडा कार्यकर्ता या कामाला नको. त्यांनी सहा-सात मुलांचा एकेक ग्रुप करून बसायचं, मुली वेगळ्या आणि मुलगे वेगळे, निदान सुरुवातीला. तेव्हा ऑफिसमध्ये पदाधिकारी कुणी नको, तुम्हीसुद्धा नको.

एक मोठा ड्रॉइंग पेपर पसरा आणि मुलांना वाडीचा नकाशा काढायला सांगा. कुठे बसायला बरं वाटतं, कुठे भीती वाटते, कुठून मोठी माणसं हाकलतात, रात्री दहानंतर कुठे जाता येत नाही. हे कागदावर यायला लागलं की बोलणं आपोआप सुरू होतं, थेट तुला कसलं टेन्शन आहे विचारलं तर सगळे कायच नाय म्हणतात. मुलींचा नकाशा आणि मुलग्यांचा नकाशा शेजारी शेजारी लावून बघा, एकच वाडी आहे यावर विश्वास बसणार नाही. मुलग्यांच्या कागदावर नाका, मैदान, मंडळाचं ऑफिस, गच्ची, आणि मुलींच्या कागदावर घर, क्लास आणि मधला रस्ता. मंडळाच्या ऑफिसात कॅरम आहे, टीव्ही आहे, पण तिथे मुलगी येऊन बसलेली तुम्ही शेवटची कधी बघितलीत? हा प्रश्न मी रागाने विचारत नाहीये, कमिटीत तो खरंच मोठ्याने विचारायला हवा.

जोडीला एक कुलूपबंद डबा ठेवा, चिठ्ठ्यांसाठी. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी हायस्कूलमध्ये गोव्याच्या 'संगत' या संस्थेने एक मोठा प्रयोग केला, त्याचा निकाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात अशी तक्रार-सूचनांची पेटी होती, भिंतीवरचं मासिक होतं, शाळेच्या असेंब्लीत या विषयांवर बोलणं होतं, आणि ज्याला हवं त्याला एकट्याने बोलायची सोय होती. काही शाळांत हे काम शिक्षकांनी केलं आणि काही शाळांत बाहेरून आलेल्या, थोडं ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसाने, डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही. जिथे तो बाहेरचा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्य, दादागिरी, मारामारी सगळं कमी झालं. आणि तेच काम जिथे शिक्षकांनी केलं तिथे काहीच फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते असं नाही हो. पण जो मार्क देतो, जो घरी फोन करतो, त्याच्याकडे मुलं मन मोकळं करत नाहीत, असं मला त्यातून दिसतं. वाडीत तसंच आहे, जो काका बाबांबरोबर पत्ते खेळतो त्याला कोण सांगेल?

आणि हे सगळं विचारून झालं की पुढचं काम मोठ्यांचं आहे. इथे आइसलँडचं सांगते. छोटा देश, लोकसंख्या चार लाखांच्या आत, मुंबईच्या एखाद्या मोठ्या पालिका वॉर्डापेक्षा कमी, त्यामुळे तिथलं जसंच्या तसं इथे होणार नाही हे मला माहितीय. नव्वदच्या दशकात तिथली मुलं युरोपात सगळ्यात जास्त पिणाऱ्यांत होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. रोज सिगरेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. व्यसनमुक्तीची व्याख्यानं त्यांनी आधी करून बघितली होती, त्याने काही झालं नाही. मग शाळाशाळांत मुलांकडून नाव न लिहिता फॉर्म भरून घ्यायला लागले, नशेबद्दल तर होतंच पण आईवडिलांबरोबर वेळ जातो का, संध्याकाळी कुठे असता, शाळेत बरं वाटतं का असंही. आणि ते उत्तर सरकारी कपाटात न ठेवता काही आठवड्यांत त्या त्या शाळेला आणि वस्तीला परत दिलं, की ही तुमची मुलं असं म्हणतायत, आता तुम्ही काय करणार?

मग बदलले ते मोठे. रेक्जाविक या त्यांच्या राजधानीत प्रत्येक मुलाला खेळ, संगीत, नाच अशा क्लाससाठी पालिकेकडून पैसे मिळायला लागले, तेरा ते सोळाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही असा नियम आला, पालकांनी एकत्र येऊन करार केले, संध्याकाळी पालकच गटाने फेऱ्या मारायला लागले. पूर्ण भर मुलांना समजावण्यापेक्षा मुलांच्या भोवतीचं बदलण्यावर होता. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती उत्तर परत देण्याची. आपण मुलांना विचारतो कधीकधी, पण त्याचं पुढे काय झालं ते त्यांना कुणीच सांगत नाही.

तुमच्या हातात काय काय आहे बघा. मंडळाचं ऑफिस आहे, आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी ते फक्त मुलींचं करा, किल्ली त्यांच्याकडे द्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडं ठेवा. ओळखीतली व्यायामशाळा असेल तर ज्यांना फी झेपत नाही अशा मुलांची फी वर्गणीतून भरा, पण नावं जाहीर न करता. लाऊडस्पीकर किती वाजता बंद होतो हे पण तुमच्याच हातात आहे.

आणि एक, जे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. सत्यनारायणाच्या पूजेला ८५ टक्क्यांच्या वरच्यांना बोलावून शाल, श्रीफळ, दप्तर. ज्याला ५६ पडले तो त्या दिवशी मामाकडे जातो. मागच्या वेळी नापास होऊन पुरवणी परीक्षेला बसलेला, कामावर जाऊन रात्रशाळेत शिकणारा, घरात आजारी आजीचं सगळं करून ६० काढणारी, यांना वाडीने कधी स्टेजवर बघितलंय? सत्कार करा, जरूर करा, पण दहावीला बसलेल्या प्रत्येकाचा करा, टक्के न वाचता, नुसतं नाव घेऊन. याला खर्च फार वाढत नाही. पण मुलं काय बघतात ना, तर आपल्या वाडीत माणसाची किंमत कशावर ठरते ते बघतात.

तज्ज्ञांना नंतर बोलवा, मुलांनी सांगितलेल्या विषयावर, आणि पहिलं सेशन आईवडिलांसाठी ठेवा. पुढच्या वर्षीच्या अहवालात जाहिरातींच्या मधली दोन पानं या कामाला द्या, मुलांनी काय सांगितलं आणि मंडळाने काय केलं, नावं न घेता.

*

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. आमच्या सोसायटीने मुलांच्या मानसिक आरोग्याचा सर्व्हे करायचा ठरवलाय, व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म आला आहे. त्यात नाव, फ्लॅट नंबर, वय, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड आहे का, कधी जीव द्यावासा वाटला का असे प्रश्न आहेत. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती म्हणते मी भरणार नाही. मी तिला जबरदस्ती करू का? आणि भरला तर तिची उत्तरं मला दाखवावीत असं मी सेक्रेटरींना सांगितलं तर चुकीचं आहे का, मी आई आहे. (एक आई)

उत्तर : ताई, तुमची मुलगी बरोबर आहे. जबरदस्ती करू नका, आणि तिला तसं सांगा पण, की तू नाही म्हणालीस ते ठीक केलंस. फ्लॅट नंबरसकट असा फॉर्म मोठ्या माणसाने तरी भरला असता का? तो ज्याने बनवला त्याचा हेतू चांगला असेल, पण त्या शीटची लिंक कुणाकडे आहे, कोण बघणार, किती दिवस राहणार, हे कुणी ठरवलेलं दिसत नाही.

सेक्रेटरींना हे दाखवा. नाव आणि फ्लॅट नंबर काढून टाका. अठराच्या खालच्या मुलांना विचारायचं तर आईवडिलांना आधी कळवून त्यांची परवानगी घ्या, पण उत्तरं आईवडिलांनी बघायची नाहीत हे त्याच परवानगीच्या कागदावर लिहा. आणि मुलालाही वेगळं विचारा, त्याने नको म्हटलं की तिथे थांबायचं. सोसायटीत पंधरा वर्षांच्या तीनच मुली असतील तर वय लिहिलं तरी कोण ते कळतं, म्हणून तेरा ते सतरा असा एकच गट ठेवा, विंगप्रमाणे आकडे काढू नका. ग्रुपवर फॉर्म टाकण्यापेक्षा कागद वाटा आणि डबा ठेवा, घरातला मोबाईल आईचाच असतो पुष्कळदा.

जीव द्यावासा वाटला का हा प्रश्न निनावी फॉर्ममधून काढा. प्रश्न वाईट नाही. पण समजा कुणीतरी हो लिहिलं, आणि नाव नाहीये, तर रात्रभर तुम्ही काय करणार? कोण आहे कळणार नाही आणि ज्याने लिहिलं तो वाट बघत बसणार की मी सांगितलं तरी कुणी आलं नाही. हा प्रश्न समोरासमोर विचारायचा असतो, ज्याला पुढचं सांभाळता येतं अशा माणसाने. फॉर्ममध्ये विचारा की झोप नीट होते का, ज्याच्याशी मोकळं बोलता येतं असं एक तरी मोठं माणूस आहे का, सोसायटीत कुठली गोष्ट बदलली तर बरं वाटेल. आणि कागदाच्या खाली १४४१६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात छापा, तिच्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिलंय.

उत्तरं बघायचं म्हणालात त्याबद्दल. तुम्हाला काळजी आहे म्हणूनच बघावंसं वाटतंय, ते मला कळतं. पण तिला समजलं की आई बघणार आहे तर ती खरं लिहिणार नाही, आणि मग तो कागद बघून तुम्ही निर्धास्त व्हाल, हे जास्त धोक्याचं. त्यापेक्षा भाजी निवडताना, रिक्षातून जाताना, समोरासमोर न बघता बोलणं होतं तेव्हा विचारा की तुला त्या फॉर्ममधलं काय खटकलं. तिथून सुरुवात होईल. ती लगेच सगळं सांगेल असं नाही, थांबायची तयारी ठेवा.

*

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही ट्रान्झिटला, म्हणजे नवीन बिल्डिंग होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीत आलो, माझ्या मैत्रिणी तिघी तीन ठिकाणी गेल्या. इथे एका संस्थेचे लोक आले होते, आम्हाला बसवून खूप प्रश्न विचारले, चार्ट बनवून घेतले, फोटो काढले, मग एका कार्यक्रमात आम्हाला टी-शर्ट घालून बोर्ड घेऊन स्टेजवर उभं केलं. पुढे काहीच झालं नाही. आता अजून एक ग्रुप येणार आहे. मला जायचा कंटाळा आलाय. जावं का?

उत्तर : तुला राग आलाय आणि तो यायलाच हवा. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक शिडी मांडली होती, मुलांचा सहभाग किती खरा आहे ते ओळखण्यासाठी, आठ पायऱ्यांची. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही, आणि त्यात एक आहे मुलांना शोभेसाठी उभं करणं, टी-शर्ट घालून. म्हणजे तुला जे वाटलं ते बरोबर वाटलं. त्याच वर्षी भारताने बालहक्कांचा जागतिक करार पण स्वीकारला, त्यातल्या बाराव्या कलमात लिहिलंय की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना मत मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला त्यांच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे वजन द्यायचं. नुसतं ऐकून घ्यायचं असं नाही लिहिलेलं.

तर नवीन ग्रुप आला की जा, पण आधी तूच विचार. आम्ही जे सांगू त्याचं तुम्ही काय करणार? ते आम्हाला परत येऊन कधी सांगणार, तारीख सांगा. फोटो कुठे टाकणार? आणि आमच्यातल्या दोघींना तुमच्या मीटिंगमध्ये बसू देणार का, जिथे पैसे कुठे खर्च करायचे ते ठरतं? यांची उत्तरं नीट मिळाली तर वेळ दे. टाळाटाळ केली तर नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि मैत्रिणींचं. चाळ पाडताना किती स्क्वेअर फूट मिळणार, भाडं किती, कॉर्पस फंड किती याची वर्षानुवर्षं चर्चा होते, पण मुलांचा ग्रुप तुटणार याची नोंद कुठल्याच करारात नसते. मोठ्यांना वाटतं मुलं काय, नवीन मित्र करतील. सोळाव्या वर्षी ते इतकं सोपं नसतं. हे वाचणाऱ्या कमिट्यांना माझं सांगणं आहे की ट्रान्झिटमध्ये खोल्या वाटताना शक्य असेल तिथे शेजार टिकवा, आणि नाहीच जमलं तर महिन्यातून एक रविवार जुन्या चाळीच्या मुलांना भेटायला जागा आणि येण्याजाण्याचा खर्च कमिटीने द्यावा. तुम्ही चौघी तोपर्यंत थांबू नका, मधलं एखादं स्टेशन ठरवा, आठवड्यातून एकदा तिथल्या बागेत भेटा, घरी सांगून. व्हिडिओ कॉलने ती भूक भागत नाही.

*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, दादरला एका अभ्यासिकेचं काम बघतो. तिथे येणारा एक सतरा वर्षांचा मुलगा मला म्हणाला की सर जगून काय उपयोग, आणि कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. मी वचन दिलं. आता झोप लागत नाही. त्याला थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते येईल का? घरच्यांना सांगितलं तर विश्वासघात होईल. आणि पोलिसांचं काही लफडं होतं का?

उत्तर : सर, हे वाचताय त्याच दिवशी त्याच्याशी बोला, उद्यावर टाकू नका. थेट विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी ऐकायला तयार आहे हे कळून मुलाला हायसं वाटतं. अगदी साध्या शब्दांत विचारा, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का? हो म्हणाला तर कधीपासून, काही ठरवलंयस का, हे पण विचारा. घाबरू नका, उपदेश करू नका, आईबाबांचं काय होईल असं म्हणू नका, तो तेच ओझं आधीच घेऊन फिरत असतो. त्याने काही ठरवलंय असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या आसपास धोक्याचं काही राहणार नाही हे घरच्यांच्या मदतीने बघा, आणि थेट हॉस्पिटलला घेऊन जा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे.

टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो मुलगाच फोन करेल असं नाही, तुम्ही स्वतः करून विचारू शकता की असं असं आहे, मी काय करू. आजच करा, म्हणजे तुम्हालाही आधार होईल.

वचनाचं असं, त्याला सांगा की मी तुला शब्द दिला होता पण तुझा जीव माझ्यासाठी त्यापेक्षा मोठा आहे, मला आता कुणालातरी सांगावंच लागेल, कुणाला सांगू ते आपण दोघं मिळून ठरवू. आई, मामा, मोठी बहीण, तो नाव सांगेल. त्याच्या पाठीमागून करू नका, त्याला बरोबर घेऊन करा. थोडे दिवस रागावेल, रागावू दे.

पोलिसांची भीती खूप घरांत असते आणि त्यापायी उपचाराला उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. पण दुसरी एक गोष्ट आहे तिथे पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. अभ्यासिकेत, मंडळात, क्लासमध्ये अठराच्या आतल्या कुणी लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. वाडीचं नाव खराब होईल, आपसात मिटवू, असं म्हणणारा कुणी असेल तर त्याला हे सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहेच.

तुम्ही अभ्यासिकेत सगळ्यांसाठी एक पाटी लावा, इथे सांगितलेलं आम्ही कुणाला सांगत नाही, फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मदत आणण्यासाठी सांगावं लागतं. हे आधीच माहीत असलं की तुमच्यासारखं कुणी वचनात अडकत नाही.

*

प्रश्न : मुलुंडला आमची चार विंगची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. मुलं गच्चीवर बसून वेप (ई-सिगरेट) ओढतात. मीटिंगमध्ये ठराव झाला की गच्चीला कुलूप आणि जिन्यात कॅमेरे. मला मात्र खात्री वाटत नाही. तुमचं मत?

उत्तर : वेपवर देशात २०१९ पासून बंदी आहे, म्हणजे मुलांना ती कुणीतरी चोरून विकतंय. तो कोण, कुठल्या दुकानातून, ते शोधून पोलिसांत तक्रार करायला ठराव करा, ते काम मोठ्यांचंच आहे. कुलपाने मुलं वेप सोडणार नाहीत, पार्किंगच्या मागे जातील, आणि गच्चीवर नुसती गप्पा मारायला येणाऱ्या बाकीच्या मुलांची जागा जाईल. कॅमेरा बसवायचाच असेल तर गेटवर बसवा.

गच्ची उघडी ठेवा, संध्याकाळी सात ते साडेनऊ, लाईट लावा, चार बाकडी टाका, टाकीच्या बाजूला आणि कठड्याला उंच जाळी लावून घ्या, हे सुरक्षेसाठी हवंच. रोज दोन पालक आळीपाळीने वर जातील, पहारा द्यायला नाही, फेऱ्या मारायला, आपल्या गप्पा मारायला. मुलांपैकी दोघांना, एक मुलगा एक मुलगी, गच्चीच्या वेळापत्रकाची जबाबदारी द्या आणि पुढच्या कमिटी मीटिंगला त्यांना खुर्ची द्या. जो मुलगा वेप ओढताना सापडलाय त्याच्या घरी चौघांनी मिळून जाऊ नका, त्याच्याशी आधी एकट्याने बोला, कधीपासून आणि का. सुटत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावं लागेल, निकोटिनची सवय नुसत्या ओरडण्याने जात नाही.

ठराव रद्द करायला पुन्हा मीटिंग लागेल, तर ती बोलवा, आणि त्या नोटिशीत मुलांना पण बोलावलंय असं लिहा.